चुन्याची पेटी

दारूबंदीवाल्यांच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीतून सुटलेल्या बाया लाकडी तळाचे बूट खडखडवत थेट तिथेच आल्या होत्या आणि बहुतेकींच्या शालीत एक खोकणारं पोर होतं. त्या हिवाळ्यात डांग्या खोकल्याने आमचं गाव पोखरून काढलं होतं. व्यासपीठावर गॅसचा एक साधा दिवा मिणमिणत होता. त्याच्याशेजारी प्रोफेसर थर्लो उभे होते. कुठल्या विद्यापीठाचे प्रोफेसर, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"भगिनींनो, कोळसा म्हणजे काय?" ते म्हणाले. "आदिकाळी गाडला गेलेला सूर्य. तुमच्या चुलीत तो झोपेत जळतो. श्रद्धेची हाक आली की जागा होतो. आणि जाग्या सूर्यापुढे खोकल्याची काय बिशाद?"

मग एकेक आई पोराला घेऊन वर जायची. पोराने दिव्यासमोर श्वास सोडायचा, आईने डोळे मिटायचे, प्रोफेसरांनी आकाशाकडे, म्हणजे हॉलच्या गळक्या छताकडे, बघायचं. आणि ती पिवळट, मरतुकडी ज्योत एकदम पांढरीशुभ्र होऊन फुलायची. बाया रडायच्या. मग आईच्या हातात 'सूर्यभस्मा'ची डबी पडायची. गरम पाण्यात टाकायचं आणि पोराला वाफ द्यायची.

मी, अमॉस रिग्बी, भिंतीला टेकून हे बघत होतो. गावच्या गॅस कारखान्यात मी अकरा वर्षं चुन्याच्या पेट्यांवर आहे. भट्टीत कोळसा भाजून निघालेला गॅस घाणेरडा असतो. तो माझ्या पेट्यांतल्या चुन्याच्या थरांमधून जातो, घाण चुन्यात राहते आणि गॅस गावात जातो. त्यामुळे ज्योत कशाने उजळते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तेवढ्यात माझी शेजारीण केझाया चार वर्षांच्या टिलीला घेऊन वर गेली. टिलीला उबळ आली की ओठ निळे पडायचे. आमच्या गल्लीतल्या दोन पोरी त्याच खोकल्याने नाताळाच्या आतच गेल्या होत्या.

"डॉक्टर म्हणतात घरी उबेत ठेवा," केझाया म्हणाली. "पण म्हटलं, एकदा इथेही..."

ज्योत हलली नाही.

"तुमच्या मनात कुणीतरी सूर्याची वाट अडवून उभं आहे," प्रोफेसर हळुवारपणे म्हणाले.

"अगं, घालव की त्या डॉक्टरला," खालून कुणीतरी ओरडलं. "पोरीचा जीव मोठा की त्याची काळी बॅग?"

"नाही बोलावणार त्यांना," केझाया म्हणाली. "शपथ घेते."

ज्योत फुलली. केझाया तिथेच गुडघ्यांवर बसली. मी तोवर ढकलाढकली करत पुढे पोचलो होतो. मला दोन गोष्टी कळल्या. ज्योत फुलण्याआधी प्रोफेसरांचा उजवा बूट टेबलाखाली दाबला जात होता. आणि टेबलावरच्या कापडाखालून डांबराच्या नॅफ्थ्याचा गोडसर वास येत होता.

दुसऱ्या संध्याकाळी मी रांगेत उभा राहिलो.

"मूल कुठे आहे, बंधू?"

"मूल नाही. श्रद्धाही नाही. तरी सूर्याला हाक मारून बघतो," असं म्हणून मी कापड ओढलं.

टेबलाखाली गॅसच्या नळीला दोन फाटे होते. एक सरळ दिव्याला जात होता, दुसरा एका पत्र्याच्या डब्यातून फिरून. मधे पायाने दाबायची खुंटी. मी दाबली, ज्योत पांढरी. सोडली, पिवळी. पुन्हा दाबली. मग डब्यातून भिजलेल्या लोकरीच्या चिंध्या उपसून वर धरल्या.

"हा नॅफ्था, डांबरातून निघणारं उडून जाणारं तेल," मी म्हणालो. "गॅसचा उजेड त्यात जळणाऱ्या कार्बनच्या बारीक कणांचा असतो. कण जास्त, उजेड जास्त. कारखान्यात आम्ही त्यासाठी भट्टीत कॅनेल नावाचा तेलकट कोळसा मिसळतो. यांनी सोपी युक्ती केली. चिंध्यांवरून जाताना गॅस नॅफ्थ्याची वाफ घेऊन येतो आणि पांढरा जळतो. दिव्यासमोर बोकड उभा केला तरी जळेल. आणि हे सूर्यभस्म म्हणजे आमच्या कारखान्यामागे टाकलेला वापरलेला चुना. माझ्याच फावड्याने टाकलेला."

"नॅफ्था हे केवळ वाहन आहे," प्रोफेसर घाम पुसत म्हणाले. "त्यावर बसून सूर्य..."

"मग त्याला सांगा, आता पायी ये," पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, आणि हॉल हसला. पण चुन्याचं नाव निघालं तेव्हा कुणी हसलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. प्रोफेसर सकाळच्या पहिल्या गाडीने पसार झाले. मी छाती फुगवून कामावर गेलो.

कारखान्याच्या फाटकाशी केझाया उभी होती. शालीत टिली.

"अमॉसकाका, आज चुना बदलायचा वार ना? झाकण कधी उघडणार?"

आमच्याकडची ही जुनी रीत आहे. पेटी उघडली की नाक जाळणारा उग्र वास येतो, आणि डांग्या खोकला झालेल्या पोराला त्यावर धरलं की खोकला जातो, असं सगळे मानतात. अकरा वर्षं झाकण मी उचलत होतो. आया मला बियरचा जग आणून द्यायच्या, रस्त्यात आदराने नाव घ्यायच्या.

"डॉक्टरांना बोलावलंस का?" मी विचारलं.

"बोलावीन. आधी हे. तो थर्लो लबाड निघाला, पण चुना तर तुमचाच होता ना? तुम्हीच सांगितलंत काल. म्हटलं, डबीतल्या शिळ्यापेक्षा ताजा बरा."

माझे हात झाकणाच्या साखळीवर होते. टिलीला उबळ आली. तिचं डोकं मागे गेलं, श्वास ओढताना ती घरघर ऐकू आली आणि मला माझी लेक रूथ आठवली.

"केझाया, हेही खोटं आहे."

"काय खोटं?"

"झाकण. वास. रूथला मी सात दिवस या पेटीवर धरलं होतं. आठव्या दिवशी ती गेली."

"तुम्ही तर म्हणाला होता, आणायला उशीर झाला."

"म्हणालो होतो."

"मग इतकी पोरं बरी झाली ती?"

"आठदहा आठवड्यांनी हा खोकला बहुतेकांचा आपणहून उतरतो. घरचे सगळे उपाय थकले की तुम्ही पोरं इथे आणता. तोवर तो उतरायलाच आलेला असतो. या वासाने उलट छाती जळते."

"मग औषध काय?"

"औषध नाही. डॉक्टरांकडेही नाही. ऊब, थोडं थोडं दूध, उबळ आली की सरळ धरायचं, आणि वाट बघायची."

"एवढंच? काका, याच्यापेक्षा तो थर्लो बरा होता."

ती शेजारच्या गावच्या कारखान्याच्या रस्त्याला लागली. तिथलं झाकण उघडं असतं.

टिली वाचली. छाती मात्र कायमची नाजूक झाली. गावात निम्मे म्हणतात ज्योतीने वाचवली, निम्मे म्हणतात शेजारच्या गावच्या चुन्याने. मी साखळीला कुलूप लावलं आहे आणि बायका मला दगड म्हणतात.

रूथ गेल्यावरही पाच वर्षं मी झाकण का उचलत राहिलो, ते आता सांगतो. ते खोटं म्हटलं तर माझ्याच हातांनी मी तिला त्या विषावर धरलं, असं म्हणावं लागलं असतं. ते मला सहन झालं नसतं. परक्याची युक्ती मी एका संध्याकाळात हुंगून काढली. माझ्या पेटीचा वास मला अकरा वर्षं आला नाही.

म्हणून सांगतो, कुणी चमत्कार घेऊन आला तर वाचलेल्यांची नावं विचारू नका. ती तो स्वतःच सांगतो. हा उपाय करूनही गेलेली पोरं किती, ते विचारा. वाचलेल्या पोरांच्या आया गावभर सांगत फिरतात. गेलेल्यांचे आईबाप घरात गप्प बसतात. मीही बसलो होतो.