उताराच्या रस्त्यावरची बाबागाडी

मित्रांनो, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत रिकाम्या डब्यांच्या आणि बंद पडलेल्या पंख्याच्या मध्ये एक वेताची बाबागाडी उभी आहे. ती मी.

एका कारागिराने वेत भिजवून, वाकवून माझी टोपली विणली आणि खाली चार चाकं बसवली. एका पोस्टमास्तरांना मुलगी झाली, तेव्हा त्यांनी मला घरी आणलं. त्या काळी बाबागाडी ढकलताना पुरुष लाजायचे. मास्तर मात्र संध्याकाळी मला घेऊन ऐटीत फिरायला निघत. पुढे त्या मुलीला धाकटा भाऊ झाला आणि ती ताई झाली. धाकटाही माझ्यातच वाढला. तो पळू लागला आणि मी माळ्यावर गेले. तिथे माझ्यात जुन्या उशा भरून ठेवल्या. माझ्या चाकांना फिरण्याची सवयच राहिली नाही.

बऱ्याच वर्षांनी धाकट्याने चांगली नोकरी सोडली आणि चित्रपट काढायचं ठरवलं. गोष्टही त्याच्यासारखीच तऱ्हेवाईक. एक माणूस एका सकाळी उलटा चालू लागतो आणि त्याला सरळ चालताच येत नाही.

"हे बघायला कोण येणार?" मास्तरांनी विचारलं.

"येईल कुणीतरी," धाकटा म्हणाला.

त्यानंतर बापलेकांत जेवणापुरतंच बोलणं उरलं.

चित्रपटाची मंडळी म्हणजे मोजकी डोकी. धाकट्याची एक मैत्रीण कॅमेरा चालवायची. आवाज टिपणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत, कारण शेजारच्या घरातला गळका नळही त्याला ऐकू यायचा. उरलेलं सगळं ताई बघायची. चहा, कपडे, इस्त्री, शेजाऱ्यांची मनधरणी आणि चेहऱ्यावर उजेड पाडण्यासाठी स्टीलचं ताट धरून उन्हात उभं राहणं. कॅमेरा चालता ठेवायला रुळांची गाडी लागते. ती कुठून आणणार? तेव्हा ताईला माझी आठवण झाली.

मला खाली काढून पुसलं, आत उशी घातली आणि उशीवर कॅमेरा ठेवला. मी निघाले ती कुरकुरतच.

"ताई, ही गाडी आपल्या नायकापेक्षा जास्त बोलते," कानसेन म्हणाला.

ताईने माझ्या चाकांना तेल दिलं, मग मेणबत्ती चोळली, आणि मी गप्प झाले. मित्रांनो, ते माझे सर्वांत सुखाचे दिवस. सगळे जिन्यात बसून एकाच डब्यातून जेवत, एकमेकांची चेष्टा करत, आणि पुन्हा मला घेऊन गल्लीत उतरत.

शेवटचं दृश्य तेवढं उरलं होतं आणि नायकाचा पाय मुरगळला. कॅमेरा उसना आणलेला, तो दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता. धाकटा डोकं धरून पायरीवर बसला. ताई मात्र थेट मास्तरांकडे गेली.

"बाबा, तुमची उंची त्याच्याएवढीच आहे. केस तेवढे पांढरे आहेत. पुढे वय झाल्यावरचा तोच माणूस म्हणून चालेल."

"मला नाटकं येत नाहीत."

"नुसतं उलटं चालायचंय."

मास्तरांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "जन्मभर सरळ चाललो. चला, आता हेही करू."

लांब उताराचा रस्ता होता. मास्तर उताराकडे पाठ करून उलटे उतरणार, त्यांच्या तोंडासमोर मी, मला ढकलणारी ताई, आणि माझ्या बाजूने वाकून चालणारी कॅमेरावाली. आवाज टिपला जात होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. ताई डोळ्यांनीच डावीकडे, उजवीकडे असं सुचवायची आणि मास्तर मागे न बघता पाऊल टाकायचे. ज्या मुलीला त्यांनी माझ्यात बसवून फिरवलं होतं, तीच आज मला ढकलत त्यांना चालवत होती.

अर्ध्या उतारावर माझं पुढचं चाक निखळलं. मी खाली बसणार तोच ताईने दांडा खाली दाबून माझा पुढचा भार उचलून धरला. मागच्या दोन चाकांवर ती मला तशीच नेत राहिली. दांड्याचा पत्रा तिच्या तळव्यात रुतत होता, पण तिने चेहरा हलू दिला नाही. ती थांबली असती तर मास्तर गोंधळून मागे पडले असते. मास्तरांनी तो चेहरा तिच्या लहानपणापासून पाहिलेला. त्यांना कळलंच. त्यांनी पावलं हळू केली, अगदी हळू, तिला झेपेल एवढी.

दृश्य संपल्यावर मास्तर आधी ताईला म्हणाले, "हात बघू." मग धाकट्याकडे वळले. "हिच्याकडून गाडी ढकलून घेतोस आणि चाक तपासता येत नाही? पाना आण."

त्या संध्याकाळी बापलेकांनी अंगणात बसून माझं चाक बसवलं. किती दिवसांनी दोघं जेवणाव्यतिरिक्त बोलत होते.

चित्रपट एका लहानशा सभागृहात लागला. काही जण हसले, काही मधूनच निघून गेले. पण शेवटपर्यंत थांबलेल्या सगळ्यांना तो उतार आवडला. म्हातारा किती संथ चालतो, आणि आभाळाकडे कसा बघतो, असं लोक म्हणाले. दिवे लागले, खुर्च्या वाजल्या, पडद्यावर नावं सरकत राहिली. मास्तर तेवढे ताईचं नाव येईपर्यंत बसून होते.

आता मास्तर नाहीत. कॅमेरावाली दूर देशी गेली, कानसेन भेटत नाही. ताई कधीकधी तेवढंच दृश्य लावते. भिंतीपलीकडून मला त्या उताराच्या रस्त्याचा आवाज ऐकू येतो.

मित्रांनो, घरात एखादी जुनी गाडी असेल तर तिची चाकं अधूनमधून फिरवून बघा. आणि चित्रपट संपला की लगेच उठू नका. मास्तर आभाळाकडे बघत नव्हते. कॅमेऱ्याच्या वर, दांडा धरून, ताई उभी होती.