वगळलेला सातवा आकडा

गेल्या वर्षी आश्विन शुद्ध षष्ठीला, सकाळी अकरा वाजता, ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या आमच्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ही घटना घडली.

रुग्णाचे नाव मारुती. डोंबिवलीच्या एका रासायनिक कारखान्यात आम्लाची वाफ श्वासावाटे आत गेल्याने त्याचा घसा सुजला होता आणि प्रत्येक श्वास करवतीसारखा वाजत होता. सूज उतरवणारे औषध दिले होते. ते लागू पडायला काही तास हवे होते. तोवर त्याला हेलियम आणि ऑक्सिजन यांच्या मिश्रणावर तगवायचे होते. हे मिश्रण हवेहून हलके, म्हणून अरुंद वाटेतूनही जाते. मात्र मास्कच्या कडेने बाहेरची हवा शिरली, की त्याचा गुण जातो. माझी वर्गमैत्रीण, घशाची शल्यचिकित्सक डॉ. नीला, हिने अर्ध्या तासाची मुदत दिली होती. तेवढ्यात उतार पडला नाही, तर गळ्याला छेद देऊन नळी घालायची.

मास्क दोन प्रकारचे होते: पिशवीचा साधा, आणि पट्ट्यांनी चेहऱ्यावर घट्ट बसणारा. त्यांची तुलना मी तीन दिवसांपूर्वीच केली होती. मी धरून सात जणांनी दोन्ही मास्क लावले आणि आत शिरणारी हवा यंत्राने मोजली. घट्ट मास्कमध्येही साध्याइतकीच हवा शिरत होती. म्हणून मारुतीला मी साधाच लावला.

वीस मिनिटे झाली. बाहेरची हवा चाळीस टक्के, असे यंत्र दाखवत होते. माझी कनिष्ठ सहकारी डॉ. वल्लरी घट्ट मास्क हातात घेऊन उभी होती. मी तिला तक्ता दाखवला आणि मोजलेल्या गोष्टीपुढे अंदाज चालत नाही, असे बजावले. तिने विचारले, तक्त्यात सहाच आकडे का? सातवा तिचा होता. तिच्या चेहऱ्यावर घट्ट मास्कमध्ये जेमतेम पाच टक्के हवा शिरली होती, आणि इतरांशी जुळत नाही म्हणून तो आकडा मी वगळला होता. तुझी हनुवटीच जगावेगळी, असा विनोदही वर केला होता.

"सर, हनुवटी जगावेगळी नाही," ती म्हणाली. "तिच्यावर दाढी नाही, एवढंच. तुम्हा सहाही जणांची नवरात्राची होती."

माझा हात आपोआप गालावर गेला. घटस्थापनेपासून मीही वस्तरा लावला नव्हता. आम्हा सहा जणांच्या खुंटांवर मास्कची कड टेकलीच नव्हती, आणि तो दोष मी मास्कच्या नावावर लिहिला होता.

नऊ मिनिटे उरली होती. मारुतीचीही दाढी सहा दिवसांची होती. त्याची पत्नी शीला खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला मी सारे सांगितले, दाढी काढावी लागेल हेही. सासऱ्यांपासून चालत आलेला नेम आहे, एकदाही मोडलेला नाही, असे ती हळूच म्हणाली. मी युक्तिवाद मांडणार, तोच ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, देवीला काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही फक्त मान हलवा."

त्याने मान हलवली.

शस्त्रक्रियेआधी वापरतात तो वस्तरा वल्लरीने घेतला. मास्क उचलायचा, दोन हात फिरवायचे, पुन्हा टेकवायचा. दर वेळी मास्क उचलला, की मारुती गादीची कड मुठीत आवळी. हनुवटीच्या खळीपाशी वस्तरा अडला, रक्ताचा थेंब आला. वल्लरी थांबली नाही. नीला हातमोजे चढवून दारात उभी होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती.

घट्ट मास्क बसला. मी पट्ट्या ओढल्या. आकडा तीस झाला, मग अठरा, मग सात. तिथे तो थांबला. श्वासातली करवत बोथट होत गेली. श्वासागणिक आत ओढला जाणारा गळ्याचा खळगा उथळ होऊ लागला. मारुतीच्या मुठीतून गादीची कड सुटली.

नीलाने त्याच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकले. नंतर हातमोजे काढले आणि माझा तक्ता उचलून यंत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहिला.

"गळा कापायची गरज नाही," ती म्हणाली. "आणि श्रीपाद, तुझी तुलना चुकली आहे."