सूर्याचे हात

दत्तात्रयांनी मान वाकडी केली आणि ब्रशचं टोक कागदाला लावलं. पपायरसचा, म्हणजे इजिप्तमधल्या लव्हाळ्यापासून केलेला खरखरीत, पिवळसर कागद. त्यावरचे राजा-राणी रंगवून झाले होते. आता डोक्यावरच्या सूर्याचे किरण काढायचे होते आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एक इवलासा हात, राजा-राणीच्या नाकाशी प्राणाची खूण धरणारा.

“राणीच्या नाकाशी आला का गं?” त्यांनी विचारलं.

सूर्याचा हात राणीच्या गालावर फासला गेला होता.

“अगदी बरोबर आलाय, बाबा,” विभावरी म्हणाली.

सांगलीच्या शाळेत दत्तात्रयांनी जन्मभर चित्रकला शिकवली होती. विभावरीची आई गेल्यावर लेकीने त्यांना आपल्याकडे आयर्लंडमधल्या कॉर्कला आणलं आणि इथेच त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. कडेचं दिसायचं, ज्याच्याकडे पाहावं तेच नाहीसं व्हायचं. विभावरीच्या कंपनीत डोळ्यात टोचायचं औषध तयार होई, आणि ते तपासण्याचं काम तिचंच होतं. पण बाबांच्या दुखण्याला ते लागू पडणार नाही, असं डॉक्टरांनी सौम्यपणे सांगितलं. तिने आणखी दोघांना विचारून पाहिलं. शेवटी कैरोहून हे कोरे कागद मागवले. इजिप्तची ही चित्रं बाबा पूर्वी फळ्यावर मोठ्या हौसेने काढत.

ते दुपारी आडवे झाले, तशी ती टेबलाशी बसली. फासलेला हात तिने गालाच्याच रंगाने झाकला आणि नाकाशी नवा काढला. एका किरणाला हातच नव्हता, त्यालाही जोडला. तिचा नवरा नरेंद्र मागे उभा राहून पाहत होता. बाबांना सांगणार आहेस का, असं त्याने विचारलं. तिने ब्रश पुन्हा रंगात बुडवला. पुढेही रोज ती असंच करत राहिली.

रविवारी चित्र पुरं झालं. दत्तात्रयांनी त्यावरून हलकेच बोटं फिरवली. राणीच्या गालापाशी ती थांबली. तिथे रंगाचा थर जाड लागत होता. बोटं पुढच्या हाताकडे गेली, मग त्याच्या पुढच्या.

“हे माझे नाहीत.”

विभावरीने मान खाली घातली.

“फार चुकत होतं का?”

“थोडंसंच, बाबा.”

“मला वाटत होतं, अजून जमतंय.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी ब्रश नेहमीसारखे नीट धुतले, फडक्याने टिपले आणि तिच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी तिने नवा कागद पसरला, रंग कालवले. दत्तात्रय उठले नाहीत. आज रेडिओ लाव, एवढंच म्हणाले. तिने लावला. आयरिश भाषेतल्या बातम्या चालू होत्या. दोघांनाही त्यातला शब्द कळत नव्हता.

“बदलू का, बाबा?”

“राहू दे,” ते म्हणाले. “छान सांगतोय.”