पीठ कुठं मळता?

"मावशी, कपाळालाही थोडं पीठ लावा," मॅनेजर म्हणाला. "कष्ट दिसले पाहिजेत."

"कपाळाला पीठ नवशिक्याच्या लागतं," मावशी म्हणाल्या.

फोटोवाला हसला आणि स्वतःच ब्रश घेऊन पुढे आला. सोंग रंगवावं तसं त्याने त्यांच्या कपाळाला, कानाशी, मनगटांना पीठ फासलं. मावशी दात आवळून उभ्या राहिल्या.

या बेकरीत त्या लग्नाच्या आधीपासून होत्या. म्हाताऱ्या मालकाने ती विकली, आणि नव्या कंपनीने आल्या आल्या पीठ मळायचं यंत्र भंगारात काढलं, कारागिरांना घरी बसवलं. एकट्या मावशींना ठेवलं, कारण गिऱ्हाइकांना काचेमागे ओळखीचं तोंड हवं होतं. पाव आता कारखान्यातून यायचे, अर्धे भाजलेले, गोठवलेले. मावशींनी खोकी फोडायची, ट्रे भट्टीत सरकवायचे, शिटी वाजली की काढायचे. दारावरच्या पाटीवर मात्र 'हातची चव' लिहिलेलं होतं.

फोटो हवा होता प्रशिक्षण संस्थेतल्या मेळाव्यासाठी. बेकर आणि पेस्ट्री कारागिरांना नोकरीच्या संधी, असा विषय. मावशींची लेक त्याच संस्थेत शेवटच्या वर्षाला होती. तिच्या हातची साखरेची फुलं अशी असत, की पाकळीतून उजेड आरपार दिसावा.

मेळाव्यात मॅनेजर आधी बोलला. "आम्हाला माणसंच मिळत नाहीत हो. हातात कला असेल तर जन्मभर काम कमी पडणार नाही."

पांढऱ्या कोटातली मुलं टिपून घेत होती. लेक दुसऱ्या रांगेत बसली होती. मग मावशींच्या हातात माईक आला. काय बोलायचं ते त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. इतक्यात एका मुलीने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे पीठ कुठं मळता? आमच्यासारखीच यंत्रं आहेत का?"

पाठ केलेलं ओठांवर आलंही होतं. पण त्यांना कंपनीने घरी बसवलेला, भट्टीवर सोबत काम करणारा कारागीर आठवला. तो आता एका इमारतीच्या फाटकावर गाड्यांना सलाम ठोकत बसायचा. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मळतच नाही," त्या म्हणाल्या. "कारखान्यातून गोठवलेलं येतं. मी खोकी फोडते आणि गरम करते."

"मावशींना थट्टेची फार सवय," म्हणत मॅनेजर माईक घ्यायला आला. मावशींनी तो सोडला नाही.

"थट्टा या पोरांची चाललीय. नोकरी धरायच्या आधी विचारा, पीठ कुठं मळता. दाखवा म्हणावं. नाही दाखवलं, तर तिथं तुमचं काम नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या रांगेतली लेकीची खुर्ची रिकामी झाली होती.

ती संस्थेच्या फाटकाबाहेर उभी होती. "मला तुझ्याच बेकरीत घेणार होते," ती म्हणाली. "मॅनेजरनं शब्द दिला होता. पक्कं झाल्यावर तुला सांगणार होते."

"काय करायला घेणार होते? खोकी फोडायला?"

"हो, खोकी फोडायला. तुला काय वाटतं, मला ठाऊक नव्हतं? आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आई. गप्प बसतो, कारण बाहेर दुसरं काही नाहीये."

मावशींनी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला.

"तुझ्या वेळी तुला मळायला मिळालं. मला निदान दारातून आत तरी जाऊ द्यायचंस."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मावशींना दारातच अडवलं. बोलण्यात साखर पेरत म्हणाला, "फार केलंत तुम्ही. आता आराम करा."

"खरं कारण सांग की. तोंड आहे ना तुला?"

त्याने काचेचं दार लोटून घेतलं.

मावशींनी काम शोधलं. दोन हॉटेलं पालथी घातली, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथला आचारी ओशाळून म्हणाला, "आमच्याकडेही कारखान्याची गाडीच येते, मावशी." राग काढायचा कुणावर, तेच कळेना. म्हातारा मालक विकून मोकळा झाला होता. मॅनेजर पगारी नोकर. आणि कंपनी कुठे राहते ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मग मावशी भांडी आपटत. लेक अबोला धरून जेवत असे.

कोर्स संपला. लेकीला काम मिळालं ते त्याच कारखान्यात, खोक्यांत गोठवलेले पाव भरायचं.

"नको जाऊस," मावशी म्हणाल्या.

"मग कुठं जाऊ, ते सांग."

लेक गेली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा गारठ्याने बोटं आखडली होती. तिला चपलेचा पट्टा सोडवेना. मावशींनी तो सोडला आणि घमेल्यात कढत पाणी ओतून तिचे हात त्यात धरले.

"आई, तिथं वासच येत नाही," लेक म्हणाली.

"कसला?"

"पावाचा. एवढे ढीग, आणि कसलाच वास नाही."

मावशींच्या तोंडाशी कितीतरी आलं. शिव्याही आल्या. त्यांनी ओठ मिटले आणि लेकीचं एकेक बोट पाण्यात चोळायला घेतलं. पाणी निवलं, तशा त्या उठल्या आणि दुसरं तापत ठेवलं.