काजवालीचं मौन

"बसायचंच आहे तर दुकानात बस की," नवरा म्हणाला होता. "तेवढीच काजं होतील."

आमचं शिवणकामाचं दुकान. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मला कुणी काहीच म्हणत नाही. कापणं, मशीन चालवणं त्यांच्याकडे; काज, बटणं, तुरपाई माझ्याकडे. बोलणंही त्यांच्याचकडे. माझं गप्प बसणं म्हणजे होकार, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलंय.

तरी मी ध्यानाच्या शिबिराला आले. हट्टाने आले.

इथे सगळ्यांनाच मौन. सुरुवातीला माझं तोंड बंद आणि डोक्यात भांडण जोरात. मास्तरांना मनातल्या मनात असं झाडत होते की श्वास कधी आत गेला, कधी बाहेर आला, पत्ताच नाही. शिकवणाऱ्या बाईंशी तेवढं बोलता येतं; त्यांना तसं सांगितलं.

"भांडण येऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याच्या मागे जाऊ नका. श्वासावर परत या."

मग अधिष्ठान सुरू झालं. तासभर हात हलवायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. रोज माझा गुडघा पेटायचा आणि रोज मी हरायचे. आज सकाळी मात्र त्याला दाद दिली नाही. नुसती बघत राहिले. तो ठणकला, आणखी ठणकला आणि आपला आपण ओसरला. मला रडूच फुटलं. इतकं माझं स्वतःचं असं काही आजवर मला मिळालं नव्हतं.

आणि जेवण होतंय तोच सेविका हळूच म्हणाली, "ताई, तुमचे मिस्टर फाटकाशी आलेत. घरी सगळे बरे आहेत. तुम्हाला बोलायची मुभा आहे."

मास्तर फाटकाबाहेर उभे होते, गळ्यात मापाची टेप तशीच.

"शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आलीय. काजं काय मी करू? झालं तेवढं पुरे. बॅग आण. आणि पुन्हा हे शिबिराचं खूळ नको."

"आलेच" घशापर्यंत आलं. सवयीचंच ते. त्याच्यामागून राग आला, कान तापले. दोघांनाही मी गुडघ्यासारखंच वागवलं. फाटकाची कडी धरून उभी राहिले आणि श्वास बघत राहिले. "आलेच" विरून गेलं. राग जरा रेंगाळला. राहू दे म्हटलं, जाईल तोही.

"म्हणजे येतेयस ना?"

मी त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं. मान हलवली नाही.

"अगं..." त्यांचा आवाज खाली आला. "बोल ना काहीतरी."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. थांबा म्हटलं मनात, थांबून बघा तुम्हीही.

हॉलमधली घंटा झाली. मी कडी आतून लावली आणि बसायला गेले.