मोटरीतला गाळ

मुजीबनं होडीची मोटर तलावात बुडवली, हे गावानं मोटर उघडायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. गावाला ठरवायला पाना लागत नाही की पेचकस लागत नाही. माणसाचं नाव ऐकलं की भागतं.

ती मोटर आता उमाशंकरच्या दारात, लिंबाखाली, लाकडी घोडीला अडकवलेली होती. होडीच्या मागं लावायची, वर इंजन, खाली लांब पाय आणि पायाच्या टोकाला पंखा. बोकडाएवढं वजन. तेरणेच्या तलावावर मासेमारी करायला दोघांनी भागीत कोकणातून जुनी आणलेली. होडीही दोघांचीच. ती मुजीबनं चालवायची आणि तलावावर चोऱ्या होतात म्हणून मोटर उमाशंकरनं घरी आणून ठेवायची, असं ठरलेलं. नवरात्रात उमाशंकर तुळजापूरला गेला तेव्हा मोटर घरातच होती. तो परतल्यावर मुजीब ती घेऊन पाण्यात गेला. भर तलावात खडखडाट झाला आणि इंजन बसलं. उलट्या वाऱ्यात वल्ही मारत मुजीब कसाबसा काठाला लागला. त्याच्या हाताचे फोड कुणी बघितले नाहीत. जो तो एकच विचारत होता, "कुठं पाडलीस?"

मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, श्रीमंत नावाचा म्हातारा, बाजेवर पाय हलवत बसला होता. भागीदाराचं नुकसान केलं म्हणून संध्याकाळच्या बैठकीत मुजीबचं नाव सभासदांतून काढायचं होतं. नाव गेलं की तलावात जाळं टाकता येत नाही, म्हणजे चूलच गेली. उमाशंकरला गावातल्या पंपांच्या मोटरी उघडून-उघडून हात बसलेला. त्यानं फक्त बुडाल्याची खूण दाखवायची होती.

खरं सांगायचं तर उमाशंकरलाही मोटर बुडालीच असं वाटत होतं. भागीदार असून. एका बाकावर बसून शाळा शिकलेला असून. गाव सारखं एकच बोलायला लागलं की माणसाला ते आपलंच मत वाटायला लागतं.

समोर दगडावर मुजीब बसला होता. "उघड," तो एवढंच म्हणाला. "निघंल ते सांग."

उमाशंकरनं टोपण काढलं. तलावाचं पाणी काळ्या रानातून वाहत येतं. त्यात बुडालेल्या वस्तूच्या फटीफटीत गाळ बसतो, धुऊनही निघत नाही. विहिरीत पडलेल्या पंपात त्यानं तो कितीदा बघितलेला. तो गाळच शोधत होता. ओढायच्या दोरीच्या चकरीवर कोरडी धूळ निघाली. कार्बोरेटरच्या वाटीत नुसता पेट्रोलचा वास. मग त्यानं प्लग काढला, तर टोकावर तांबडा गंज.

"झालं की!" श्रीमंत बाजेवरून उठलाच. "गंज म्हंजी पाणी. आता काय पंचांग काढायचं ऱ्हायलंय?"

"पाणी गेलंय, दादा. पण गाळ कुठाय?"

"धुतली आसल त्यानं!"

"आतून?" मुजीब म्हणाला. "इंजनाला काय आंघोळ घालत्यात व्हय, दादा, तोंडात तांब्या ओतून?"

उमाशंकरनं हेड, म्हणजे सिलिंडरच्या तोंडावरचं झाकण, खोललं आणि आत बॅटरी मारली. या मोटरीचा सिलिंडर आडवा असतो, जमिनीवर लवंडलेल्या तांब्यासारखा. खालची बाजू गुळगुळीत होती. गंजाचा जाड पट्टा होता तो वरच्या बाजूला. त्यानं पुन्हा बघितलं. पाणी साचायचं तर तळाला साचंल, आढ्याला कसं साचंल?

मान वाकडी करून तो बघत राहिला. तेवढ्यात त्याच्या आईनं, गंगम्मानं, चहाच्या कपबशा विसळून ओट्यावर पालथ्या घातल्या. कपांतून पाणी निथळत होतं.

उमाशंकरचे हात थांबले. तो उठून चुलीपाशी गेला.

"अव्वा, म्या तुळजापूरला गेल्तो तवा मोटर कशी ठिवली हुती?"

"कोपऱ्यात. तू गाडी गाठाय पळालास, तिच्या पायातनं पाणी गळत हुतं, जमीन वली झाली. म्हनून घागर पालथी घालतो तशी घातली, भितीला टेकून. निथळाय नको व्हय?"

पायात पाणी असतंच. इंजन थंड राहावं म्हणून पंख्याजवळच्या जाळीतून ते वर खेचलं जातं आणि थोडं आत उरतं. मोटर होडीवरून काढली की पाय खाली ठेवून ते गळू द्यायचं असतं. त्या दिवशी घाईत उमाशंकरनं ते केलंच नाही. आईनं पाय वर, डोकं खाली केलं आणि ते पाणी धुराच्या वाटेनं सरळ सिलिंडरात उतरलं. नवरात्रभर तिथं बसून गंज चढवत राहिलं, आणि त्याच गंजानं इंजन भर तलावात अडकलं.

आईला यातलं काही कळलं नव्हतं. ती चहा गाळत होती.

"उमा," बाहेरून श्रीमंतचा आवाज आला, आता गोड. "गाळ सापडला म्हन आन् मोकळा हो. तुझ्या घराला कशाला लावून घेतोस? हक्काची होडी तुझी एकट्याची हुईल."

म्हणजे म्हाताऱ्याचे कान चुलीपर्यंत पोचले होते. उमाशंकरला ठरवायला एवढंच पुरलं. मघाशी गाळ निघावा अशी वाट आपणही बघत होतो, ती ह्या माणसासाठी? तो बाहेर आला.

"मोटर बुडाली न्हाय," तो मोठ्यानं म्हणाला, शेजारच्या दारापर्यंत जाईल असं. "म्या पानी काढलं न्हाय, आमच्या अव्वानं ती पालथी ठिवली. मुजीबचा काय संबंध न्हाय. बैठकीत हेच सांगनार."

"येडा का काय तू?" श्रीमंत म्हणाला, आणि चहा न घेता चपला शोधू लागला.

मुजीब उठला नाही. "तूबी गाळच शोधत हुतास," तो म्हणाला.

"व्हय."

गंगम्मा कप घेऊन आली, दोघांच्या तोंडाकडं बघत. "म्या काय वाईट केलं का रं, मुजीब?"

"न्हाय, काकू. तुमी निथळायला ठिवली." त्यानं चहा घेतला, सावकाश संपवला. "मोटर आजपासनं माझ्या घरी ऱ्हाईल. दुरुस्त झाल्यावरबी."

"ऱ्हाऊ दे," उमाशंकर म्हणाला आणि टोपणाकडं हात नेला.

"ते बसवू नको. उघडीच घे. आन् मधल्या गल्लीनं चल. तिथंच मला लई इचारलं लोकांनी."

उमाशंकरनं मोटर उचलली. डोकं वर, पाय खाली, मूल कडेवर घेतल्यासारखी. मागून मुजीब हेड आणि टोपण घेऊन चालला. पारावरचे लोक बोलायचे थांबले, एकानं विचारलं, "काय निघालं, उमा?" उमाशंकर थांबला आणि पहिल्यापासून सांगू लागला.

मुजीब थांबला नाही.

त्याच्या दारात निखत उभी होती. सांगून-सांगून घसा बसलेला उमाशंकर मोटर घेऊन उशिरा पोचला, तेव्हा तिनं नवऱ्याकडं बघत विचारलं, "कुठं ठेवायची ही?"

"कुठंबी," मुजीब म्हणाला. "पन उभी."