हळद लागलेले हात

१९९८च्या उन्हाळ्यात यशोदेला हळद लागली आणि आईने, सुंदरबाईंनी, बजावलं, "हयद लागनी तुले. आते घरबाहेर पाय ठेवू नको." नवरी बाहेर पडली तर कुठलं आभाळ कोसळतं, हे मात्र कुणी सांगत नाही. मांडवातली पंगत उठली तशी यशोदा धाकट्या भावाच्या, रतिलालच्या, स्कूटरवर बसून धुळ्यातल्या, ती शिकत-शिकवत होती त्या कॉलेजात पोचली.

तिला दुसरा इलाज नव्हता. मुंबईहून उसना आणलेला फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप संध्याकाळी परत जाणार होता. उद्या लग्न. पाचोऱ्याच्या सासरच्यांनी लग्नानंतर शिक्षण बंद म्हणून स्वच्छ सांगितलेलं. पीएच.डी.चे फक्त या मायक्रोस्कोपखाली काढायचे फोटो राहिले होते. कपाशीवर फवारायचं औषध उंदराच्या मेंदूत काय करतं, हे तिला दाखवायचं होतं. नुकताच निघालेला रंग त्यासाठी मोठा गुणाचा. निळ्या उजेडात मरणाऱ्या पेशी तेवढ्या हिरव्या चमकतात, बाकी सगळं काळं राहतं.

हात पिवळेधमक होते. तिने ते स्पिरिटच्या बोळ्याने खसाखसा पुसले. मग मेंदूचे काप चिकटवलेल्या साऱ्या काचपट्ट्या रंगवण्याआधी स्पिरिटच्या एकाच भांड्यात बोटांनी धरून बुडवल्या. चिमटा शोधायला वेळ कुणाला होता.

रंग चढल्यावर पहिली पट्टी पाहून ती हरखली. पेशी न् पेशी हिरवीगार. मग औषध न दिलेल्या, धडधाकट उंदराची पट्टी लावली. तीही तशीच. उरलेल्याही तशाच. तिने आपली नखं पाहिली. नखांतली हळद स्पिरिटमध्ये उतरली होती. हळदही निळ्या उजेडात हिरवी चमकते, हे ती स्वतः वर्गात शिकवायची.

तिने पट्ट्या पुन्हा पुन्हा धुतल्या. कापांत मुरलेली हळद निघेना आणि दुसरे काप नव्हते. इतक्या वर्षांची मेहनत मातीत गेली होती. ती टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडू लागली.

रतिलाल घाबरून आत आला. काय बिघडलं ते पाहायला त्याने भिंगाला डोळा लावला आणि सगळंच चमकताना पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

"अक्का, रडस कसाले? हाई ते बठ्ठं चमकी ऱ्हायनं."

"मंग माले सांग," यशोदा म्हणाली, "यामा मरेल पेशी कोनती आनि जित्ती कोनती?"

रतिलालने पुन्हा वाकून पाहिलं. सगळं हिरवंच होतं, काळं कुठेच नव्हतं.